पाण्याचे माहेर

आमच्या इंदापूर तालुक्यात घराबाहेर पडण्याची कारणे पूर्वी ठरलेली असत. आषाढात पंढरी, चैत्रात शिखर शिंगणापूर, सोमवती आली की जेजुरी, लग्नसराईत पाहुणेरावळे आणि दिवाळीत लेकीबाळींचे माहेर. यांखेरीज गाडी जुंपून कोणी निघालाच, तर तो बाजाराला निघालेला असे, नाहीतर कोर्टाला. नुसता डोंगर पाहावयाचा, तळ्याकाठी बसावयाचे आणि परत यावयाचे, एवढ्यासाठी दोन दिवस मोडणाऱ्या माणसाला आमच्या वडिलांच्या पिढीने वेड्यात काढले असते.

यंदा आमच्या घरात नेमका हाच विषय आहे. नातवंडांना डोंगर हवे आहेत आणि डोंगरांत तळी हवी आहेत. हिंदी चित्रपटांनी त्यांच्या आईबापांना स्वित्झर्लंड दाखवले. पोरांनी ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहिले. निळे पाणी, मागे बर्फाचे शिखर, काठावर एक लाकडी घर. "असलं काहीतरी बघायचंय, आबा," एवढीच मागणी. खर्चाचा अंदाज ऐकताच स्वित्झर्लंड मागे पडले, मग काश्मीर मागे पडले, आणि बेत आखण्याचे काम माझ्याकडे आले. मी जन्मभर इतिहास शिकवला, आणि घरात रिकामाही मीच. बेत आखता आखता जी माहिती हाती लागली ती सहलीपेक्षा मोठी निघाली. म्हणून ती वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, डोंगर हे मौजेचे ठिकाण आहे ही कल्पना मुळी फार जुनी नाही. खुद्द आल्प्समधल्या लोकांना बर्फाच्या शिखरांचे भय वाटे. आल्प्समधले सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ. त्यावर माणसाने पाऊल ठेवले ते १७८६ साली. थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने १८६३ साली स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली, आणि मग शहरातल्या बेताच्या मिळकतीच्या माणसालाही 'सुट्टीत डोंगरात' हा शब्दप्रयोग परवडू लागला. आमच्याकडे महाबळेश्वर होते. पण ते कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र म्हणून. लोक तेथे जात ते तीर्थासाठी, हवेसाठी नव्हे. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज सेनाधिकारी त्या पठारावर चढला. पुढे चारपाच वर्षांत गव्हर्नर माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून तेथे गिरिस्थान वसवले. वेण्णा तलाव तर त्यानंतरचा. तो १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवला.

'बांधवला' या शब्दाशी मी थांबलो. कारण दुसरी गोष्ट तेथे लपलेली आहे. स्वित्झर्लंडातली सरोवरे कोणी बांधली नाहीत. हजारो वर्षे बर्फाच्या नद्या डोंगर कोरीत खाली सरकल्या, मग बर्फ वितळले आणि कोरलेल्या दऱ्यांत पाणी राहिले. जिनिव्हा काय, ल्यूसर्न काय, ती अशी झाली. आमच्या सह्याद्रीवर बर्फ नव्हते. येथे काळा पाषाण, उभे कडे, आणि चार महिन्यांत कोसळून निघून जाणारा पाऊस. निसर्गाने या डोंगरांत एकही मोठे सरोवर ठेवले नाही. आज मुळशी, पानशेत, भाटघर, भंडारदरा, कोयनेचा शिवसागर अशी जी निळी पाणी डोंगरांत पसरलेली दिसतात, ती सारी माणसाने भिंत घालून अडवलेली आहेत. आणि अडवली ती काही डोंगरातल्या माणसांसाठी नव्हे.

मग कोणासाठी? भाटघरपुरते उत्तर आमच्या उंबऱ्याशी आहे. आमच्यासाठी.

नकाशा काढून पोरांना दाखवले. आमच्या शिवारात जी चारी येते ती नीरा डाव्या कालव्याची. हा कालवा वीर येथे नीरा नदीतून निघतो आणि पुरंदर, बारामती व इंदापूर या तीन तालुक्यांतून सुमारे दीडशे किलोमीटर चालत येतो. वीरला पाणी येते ते भोरच्या डोंगरांतून, आणि त्यातला जुना व मोठा साठा वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाचा. तेव्हा तळी पाहावयाची तर दूर जाण्याचे कारण नाही; आपल्याच पाटाच्या काठाने उलटे चालत जावयाचे. आपल्या वाऱ्या पाण्याबरोबर पूर्वेला जातात. ज्ञानोबांच्या पादुका नीरा गावी नीरास्नान करतात, तुकोबांच्या पादुका बारामती, इंदापूर करीत सराटीला करतात, आणि दोन्ही पालख्या पुढे भीमेच्या काठी पंढरीला पोचतात. आपण यंदा पश्चिमेला जाऊ. लेक सासरी कशी नांदते हे आपण रोज पाहतो. तिचे माहेर एकदा पाहून येऊ.

हा बेत मंजूर झाला. आता मार्ग.

पहिला टप्पा घरापासून बारामतीपर्यंत. येथे पाहावयाचे काही नाही असे पोरांना वाटते, आणि म्हणूनच येथे गाडी हळू हाकावी असे मी ठरवले आहे. दोन्ही हातांना ऊस, मधून मधून केळी नि डाळिंब. पण हा मुलूख मूळचा असा नव्हे. येथे वर्षाला पाऊस पडतो वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. याच पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कड्यावर त्याच्या कित्येक पट कोसळतो, आणि महाबळेश्वरावर तर दोनशे इंचांच्या वर. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर ही नावे एका दमात घेतली जातात, आणि मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते. त्या काळीही हा घोडदळाचा, ज्वारीचा नि मेंढरांचा मुलूख होता. मोरोपंतांसारखा पंडित कवी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस राहिला, १७९४ साली तेथेच वारला, आणि त्यांचा काळ गेला तो कऱ्हेच्या काठी. ती कऱ्हा उन्हाळ्यात वाळूचा पट्टा होऊन पडत असे.

इंग्रजी आली तेव्हा या कोरड्या जमिनीवर सारा बसवताना प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याचा हिशेब इतका चढा निघाला की शेतकरी जमिनी टाकून गेले. तो निस्तरण्यासाठी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली नवी मोजणी केली, ती आमच्या इंदापूर तालुक्यापासून. जमिनीचा कस पाहून प्रत लावावयाची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यावयाचा, ही जी पद्धत पुढे सबंध मुंबई इलाख्यात चालली, तिचा पहिला धडा इंदापूरच्या मातीत गिरवला गेला. परंतु सारा बेताचा झाला म्हणून आभाळ मऊ होत नाही. शेतकरी सावकाराच्या वहीत गेला तो गेलाच. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरे नि दुकाने फोडून खतपत्रे जाळली. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासात जे प्रकरण आहे त्याची ठिणगी ती. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. आणि पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पाऊस फिरकला नाही.

त्या दुष्काळात सरकारने जी कामे काढली त्यांत नीरा कालवा होता. पोट जाळण्यासाठी आलेल्या बायाबापड्यांनी टोपल्या टोपल्या माती वाहून तो खणला. १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. भाटघरचे पहिले धरण १८९२ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या इंजिनिअराचे नाव दिले गेले.

वाचकांस वाटेल, पाणी आले आणि आनंदीआनंद झाला. तसे झाले नाही. ज्वारीला पाणी पाजून पट्टी कोणी भरावी? जिराईत शेतकऱ्याने पाटाकडे पाठ केली. उसाची विद्या घेऊन आले ते सासवडचे माळी. त्यांनी खंडाने जमिनी धरल्या, गुऱ्हाळे घातली, आणि मग येथल्या माणसाचा हात सैल झाला. १९१४ साली दौंड-बारामती ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली आणि बारामतीच्या गुळाला बाजार जवळ आला. वालचंद हिराचंदांनी १९३०-४० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंदनगर उभे केले; १९५० नंतर माळेगावला सहकारी कारखाना निघाला. जेथे खतपत्रे जळली होती, त्याच टापूत शेतकरी कारखान्याचा भागीदार झाला. हे थोडे नव्हे.

पण त्याच रस्त्याकडेला पोरांना आणखी एक दाखवावयाचे आहे: पांढरी पडलेली रिकामी वावरे. पाणी हाताशी आले म्हणून धो धो पाजले, निचरा राहिला नाही, आणि खालचे मीठ वर आले. नीरेच्या खोऱ्यात हे दुखणे शंभर वर्षांपूर्वीच दिसू लागले होते. उसाची सरकारी संशोधन शाळा १९३२ साली याच खोऱ्यात पाडेगावला निघाली. पाण्याने तारले त्याच पाण्याने मारलेही, हे पाठ्यपुस्तकापेक्षा चोपण जमिनीवर उभे राहून लवकर कळते.

दुसरा टप्पा बारामती ते नीरा. माळेगाव, पणदरे, वडगाव निंबाळकर, करंजेपूल, निंबूत. सारा रस्ता कालव्याच्या संगतीने. दुपारची भाकरी नीरेला नदीकाठी. तेथून लोणंद, शिरवळ करीत भोर. वीरचे आजचे मोठे धरण १९६५ चे. वेळ उरला तर तेही पाहू. मुक्काम भोरला. भोर म्हणजे पंतसचिवांचे संस्थान, १९४८ साली विलीन झालेले. राजवाड्याचे चौक आणि नक्षीचे खांब पोरांनी चित्रपटांत पाहिलेले आहेतच. फक्त ते भोरचे आहेत हे त्यांना ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी भाटघर. येथे पोरांना एक गंमत सांगणार आहे. समोर दिसते ते धरण पहिले नव्हे. उसाची तहान वाढली तसे जुने धरण अपुरे पडू लागले. तेव्हा त्याच्या पुढ्यात दुसरे, कितीतरी मोठे धरण बांधले: सुमारे एक मैल लांब आणि १९० फूट उंच, सारे दगडी. ते १९२८ च्या सुमारास पुरे झाले, नाव दिले गव्हर्नर लॉइडचे. नव्या पाण्यात जुने धरण बुडाले. ज्या भिंतीने दुसऱ्यांची शेते बुडवली ती भिंतच पुढे बुडाली. आज जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, आणि ते योग्यच. येसाजी याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. पूर्ण भरले म्हणजे साडेतेवीस टी.एम.सी. पाणी मावते. पावसाळ्यात तुडुंब झाले की पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. चौथ्या दिवशी वरंध घाटाच्या वाटेने नीरा-देवघरच्या जलाशयाकडे, आणि तसेच वर नीरेच्या उगमाच्या शिरगावाकडे. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी राजगडावर जावे. माचीवरून भाटघरचे पाणी दऱ्यादऱ्यांतून बोटांसारखे पसरलेले दिसते. दिनदर्शिकेतल्या चित्राची हौस तेथे फिटेल.

फिटेल, परंतु तेवढ्यावर परतावयाचे असते तर हा लेख लिहिला नसता. त्या पाण्याखाली वेळवंडीचे खोरे आहे. मावळातली भाताची खाचरे ती. डोंगरउतारावर नाचणी-वरी होते, भात पिकतो तो नदीकाठच्या सपाटीवर, आणि धरणाने नेमकी सपाटी घेतली. पहिले धरण झाले तेव्हा तक्रार करावयाची कोठे हेही लोकांना ठाऊक नसेल. दुसरे चढत होते त्याच काळात, १९२१ मध्ये, शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळे धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते, धरण झालेच. विस्थापितांना लाभक्षेत्रात जमीन देण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला. तोवर वेळवंडीचे बुडणे दोन पिढ्या जुने झाले होते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्या बारमाही बागाइतात सुचलेली नाही.

भाटघरच्या पाण्यात कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचे जुने देऊळ आहे. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असते. उन्हाळ्यात धरण आटले की देव वर येतो. आसपासची माणसे दर्शन घेतात. मृग लागला की पुन्हा पाणी चढते. ते पाणी आटते का? तर ते आमच्या उसाला गेलेले असते म्हणून.

इटलीच्या उत्तर टोकाला, अस्सल आल्प्समध्ये, असेच एक तळे आहे. विजेसाठी तेथल्या दोन नैसर्गिक तळ्यांची पातळी वाढवून ती एक केली आणि १९५० साली ग्राउन नावाचे गाव पाण्यात घातले. चौदाव्या शतकातला चर्चचा मनोरा तेवढा ठेवला. तो आज पाण्यातून वर उभा आहे, आणि प्रवासी त्याची छायाचित्रे घेत असतात. तेव्हा पोरांनी मागितलेले चित्र आपल्याकडेही आहे, शिखरासकट. फक्त ते शिखर देवळाचे आहे.

हे मी परक्याच्या कळवळ्याने सांगत नाही. आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगाला भोरचे पाणी येते. पण उत्तर अंगाला काय झाले? भीमेवर उजनी धरण झाले, १९८० साली पुरे. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, लाभ मुख्यतः सोलापूरला, आणि इंदापूरच्या भीमाकाठची काळी जमीन पाण्यात. माझ्या आत्याचे सासर पळसदेवचे. गाव उठले, वर वसले; पळसनाथाचे जुने देऊळ खाली राहिले. पाणी फार खाली गेले त्या उन्हाळ्यांत देवळाचा कळस वर येई, मग गाभारा. आणि आत्या, डोळ्यांना नीट दिसेनासे झाल्यावरही, लेकाचा हात धरून काठावर जाऊन बसे. "ती बघ आपली वेस," असे ती सांगे. लेकाला चिखल दिसे. हिवाळ्यात त्याच पाण्यावर, भिगवण-कुंभारगावला, रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात, दुरून लोक होडीत बसून पाहावयास येतात आणि खूश होऊन जातात. त्यात त्यांचा काही अपराध नाही. पण होडीखाली कोणाची तरी वेस आहे, हे नावाड्याने सांगितले तर पक्षी काही उडून जाणार नाहीत.

म्हणजे एकाच तालुक्याच्या वहीत एका बाजूला देणे आहे आणि दुसऱ्या बाजूला येणे. वेळवंडीने आमच्यासाठी सोडले. आम्ही सोलापूरसाठी सोडले. पाण्याच्या वाटणीचे तंटे होत आले आहेत. २०१९ साली नीरा-देवघरच्या पाण्यावरून डाव्या नि उजव्या कालव्याचे भांडण वर्तमानपत्रांतून गाजले, पुढेही गाजेल. त्या भांडणात दोन्हीकडचे लोक आपापल्या हक्काची टक्केवारी सांगतात. ज्यांनी खोरे दिले त्यांचा टक्का त्यात कोणी मांडत नाही. निदान आमच्या घरातल्या मुलांनी तो मांडावा, अशी माझी इच्छा आहे. आणि त्यासाठी त्यांनी ती जागा डोळ्यांनी पाहावी.

आता प्रश्न राहिला तो केव्हा जावयाचे. दिवाळीत धरण भरलेले, डोंगर हिरवे, सोनकीची फुले असतील. मेमध्ये उघडे काठ, भेगाळलेला गाळ आणि वर आलेले देऊळ. नातवंडांनी अर्थात दिवाळीला हात वर केले. मी मेवर अडून बसलो. सूनबाईंनी तोडगा काढला: भाऊबीज झाली की चार दिवस पाणी पाहून यावे, आणि मेमध्ये एक दिवस देऊळ. दोन सहलींचा खर्च मिळून महाबळेश्वरच्या एका मुक्कामाहून कमीच होतो, हा त्यांचा हिशेब कोणालाच खोडता आला नाही.

नियम दोनच केले आहेत. धरणाच्या पाण्यात कोणी उतरावयाचे नाही. ते दिसते शांत आणि असते खोल. आणि काठावर कोणी वडीलधारे भेटले तर छायाचित्र काढण्याआधी राम राम घालावयाचा, गावाचे नाव विचारावयाचे, आणि जुने गाव कोठे होते तेही विचारावयाचे. लोक सांगतात. विचारणारा भेटत नाही एवढेच.

सामानाची यादी धाकट्या नातीने केली आहे: सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, चिवडा, दुर्बीण. तिच्याखाली आमच्या घरातल्यांनी एक जिन्नस वाढवला आहे. माहेरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून आमच्याच उसाच्या गुळाच्या दोन ढेपा गाडीत टाकावयाच्या. एक दिवाळीत, ज्या घरी चहा मिळेल त्या घरासाठी. दुसरी मेमध्ये, कांबरेश्वरापुढे.